मोतीचा खुराक आणि घरातले पाच हात

१ मार्च २०२५, शनिवार

काल संध्याकाळी गांधीसागर तलावावरून फिरून येताना मोती वाड्याच्या पायऱ्यांपाशी थांबला. तीनच पायऱ्या आहेत. दोन चढला, तिसरीवर पुढचे पाय टेकवले आणि माझ्याकडे पाहत उभा राहिला. शेवटी मागून आधार देऊन वर घ्यावा लागला. सात वर्षांचा लॅब्रेडॉर. हे काही म्हातारपणाचं वय नाही.

आज सकाळी डॉक्टरबाईंकडे नेला. वजन ४१.२ किलो. त्यांनी मोतीच्या बरगड्यांवरून हात फिरवला, मग माझा हात धरून तिथंच ठेवला. बरगडी कुठं लागेना. त्या म्हणाल्या, "आता तुमचा हात उघडा ठेवून हाताच्या मागच्या बाजूची हाडं चाचपून पहा. कुत्र्याच्या बरगड्या हाताला तशा लागायला हव्यात. मूठ वळल्यावर वर येतात तशी हाडं लागली तर कुत्रं हडकुळं, आणि तळव्यासारखं मऊ लागलं तर लठ्ठ." मोती तळव्याच्याही पलीकडे गेलेला. नऊच्या मापावर त्यांनी त्याला आठ दिले. पाच म्हणजे योग्य.

थायरॉइडसाठी रक्त घेतलं, कारण वजन वाढायला ते एक कारण असू शकतं. पण निघताना त्यांनी विचारलं, "त्याला घरात खायला कोण कोण देतं?" मी म्हटलं, मीच देतो, सकाळ-संध्याकाळ. त्या काही बोलल्या नाहीत. नुसतं लिहून घेतलं.

लक्ष्य ३२ किलो. आठवड्याला वजनाच्या एक ते दोन टक्के, त्याहून घाई नाही.

२ मार्च, रविवार

नागपूरच्या इतवारीत आमचं किराण्याचं दुकान आहे, तिसरी पिढी. मी ग्रॅमवर वेलची तोलणारा माणूस आणि घरच्या कुत्र्याला वाटीनं खाणं देतो, हे आजवर माझ्या डोक्यात आलंच नाही.

सकाळी बाजार उघडायच्या आत मोतीला दुकानात नेलं. पोती तोलायच्या काट्यावर चढायला तयार होईना, लोखंडी पत्रा पायाला गार लागतो. वर बारदान अंथरलं आणि काटा शून्यावर आणला, तेव्हा चढला. ४१.२. दवाखान्यातलं वजन आणि आमचा काटा जुळला. आता दर रविवारी हाच काटा, हीच वेळ, उपाशीपोटी.

मग मोतीच्या विकतच्या कोरड्या दाण्यांची घरची वाटी तोलली. "दोन वाट्या" म्हणून जे रोज भांड्यात पडतं ते ३०० ग्रॅम भरलं. मी आजवर २०० धरून चाललो होतो.

३ मार्च, सोमवार

फ्रिजवर कागद लावला. आठवडाभर मोतीला जे काही मिळेल ते ज्यानं दिलं त्यानं लिहायचं. बंद काहीच करायचं नाही, फक्त लिहायचं. आजीला लिहिणं होत नाही, तिचं पोरगी लिहील. आजी म्हणाली, "कुत्र्याच्या घासाचा हिशेब ठेवून राहिला का बाप्पा तू?" मी म्हटलं, एकच आठवडा.

थायरॉइडचा रिपोर्ट आला. ठीक आहे. म्हणजे दोष खाण्यातच.

९ मार्च, रविवार

वजन ४१.०. कागद भरला. पोटाशी धरून दुकानात नेला आणि गिऱ्हाईक नसताना बेरीज केली. रोजची सरासरी अशी:

आजी सकाळी तूप लावलेली एक पोळी देते, साधारण १५० कॅलरी. बाबा दोन वेळच्या चहाबरोबर सहा ग्लुकोज बिस्किटं, १३०. आई रात्रीचा उरलेला वरणभात, २००, आणि दुपारी कपभर म्हशीचं दूध, तेही २००. बायको स्वयंपाक करताना पनीरचे तुकडे, ८५ च्या आसपास. पोरगी डब्यातली उरलेली अर्धी पोळी, ५०.

बेरीज ८१५. माझ्या भांड्यातून ९७०. एकूण १७८५ च्या घरात.

४१ किलोचा, नसबंदी केलेला कुत्रा जेवढ्यावर आहे तिथंच टिकून राहतो तो आकडा काढला, तर १८१५ आला. म्हणजे मोती लठ्ठ का, हे कोडं नव्हतंच. आम्ही सगळे मिळून त्याला बरोब्बर ४१ किलोवर पोसत होतो.

हिशेबाची पद्धत इथं लिहून ठेवतो, कारण मलाही ती परवाच कळली. वजन किलोमध्ये घ्यायचं, त्याचा ०.७५ घात काढायचा (मोबाइल आडवा धरला की गणकयंत्रात ते बटण दिसतं) आणि ७० नं गुणायचं. ही झाली निवांत पडून राहण्यापुरती गरज. घरच्या, नसबंदी केलेल्या कुत्र्याला त्याच्या १.६ पट. वजन उतरवायचं असेल तर जे वजन हवं आहे त्या वजनाचा साधा आकडा धरायचा, पट करायची नाही. ३२ किलोचा आकडा ९४२. १७८५ वरून ९४२. अर्ध्याला थोडंसंच जास्त.

मला सगळ्यात लागलं ते हे की जवळजवळ निम्मं खाणं भांड्यातून जातच नव्हतं. ते हातांतून जात होतं, आणि पाचही हात एकमेकांना न सांगता देत होते. प्रत्येकाला वाटत होतं, माझं एवढंसंच तर आहे.

१० मार्च, सोमवार

रात्री जेवताना आकडे वाचून दाखवले. बाबा गप्प. आई म्हणाली, "दूध तर मी पौष्टिक म्हणून देत होते." पोरीनं विचारलं, आता मोतीला उपाशी ठेवणार का?

आजी ताटावरून उठली नाही, पण जेवलीही नाही नीट. ८४ वर्षांची आहे. नंतर ओसरीवर बसली असताना म्हणाली, "सकाळी मी खोलीतून हाक मारली की तो एकटा येतो. तुम्ही सगळे आपापल्या कामाला. त्याला रिकाम्या हातानं काऊन बोलवू मी?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजीचा हात बंद करायचा नाही, एवढं मात्र त्याच वेळी ठरवलं. बाकी गणित त्याभोवती बसवू.

११ मार्च, मंगळवार

मोतीच्या दाण्यांच्या पिशवीवरचं लेबल वाचलं. प्रथिनं २४ टक्के, चरबी १०, तंतू ४, ओलावा १०, राख (म्हणजे क्षार) ८. कॅलरी छापलेल्याच नाहीत. मग सूत्र लावलं: शंभरातून हे सगळं वजा केलं की कर्बोदकं उरतात, ४४. प्रथिनं आणि कर्बोदकं ३.५ नं गुणायची, चरबी ८.५ नं. ८४ अधिक १५४ अधिक ८५, म्हणजे शंभर ग्रॅमला ३२३ कॅलरी.

लेबलवर "पूर्ण आणि संतुलित आहार" असं लिहिलंय की नुसतं "पूरक खाद्य", हे आधी पाहायचं. पूरक म्हणजे वरचा खाऊ, त्यावर जनावर पोसायचं नाही. चकचकीत पिशवीवर गाजराचं आणि कोंबडीचं चित्र असलं म्हणून काही ठरत नाही. दुकानदार म्हणून सांगतो, पिशवीची मागची बाजू आधी वाचावी.

वरच्या खाऊसाठी दिवसाच्या कॅलरीपैकी दहा टक्क्यांहून जास्त नको, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, नाहीतर मूळ आहाराचा तोल जातो. ९४२ चे दहा टक्के ९४. उरले ८४८, म्हणजे २६२ ग्रॅम दाणे.

१२ मार्च, बुधवार

दुकानात फिरून पाहिलं, आपल्याच मालात कुत्र्या-मांजरासाठी काय काय वाईट आहे. यादी वाढतच गेली.

मनुका, बेदाणे, द्राक्षं: कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं आणि किती खाल्ल्यावर होईल ते आधी सांगता येत नाही. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखादं थोडक्यात जातं. चॉकलेट, त्यातही काळं आणि कोको पावडर. कांदा आणि लसूण: यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो की वाळवून केलेली पूड, फरक पडत नाही. मांजरीला तर वजनाच्या किलोमागे ५ ग्रॅम कांदाही बाधतो. साडेतीन किलोच्या मांजरीला म्हणजे चमचा-दीड चमचा परतलेला कांदा.

एक गोष्ट नव्यानं कळली. बाबांना मधुमेह आहे, ते बिनसाखरेचं च्युइंगगम चघळतात. त्यातल्या काही पाकिटांत झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं. कुत्र्याच्या शरीरात मात्र त्यानं इन्सुलिन एकदम वाढतं आणि रक्तातली साखर अर्ध्या-एक तासात कोसळू शकते, जास्त गेलं तर यकृतही जातं. लेबलवर कधी नाव असतं, कधी नुसता आकडा: ९६७. बाबांचं पाकीट पाहिलं, आकडा होता. आता ते कपाटाच्या वरच्या फळीवर.

१४ मार्च, धुळवड

पुरणपोळ्या. पाहुण्यांपैकी कोणीतरी दिली, कोणी ते कळलं नाही. रात्री मोतीला जुलाब.

१६ मार्च, रविवार

४१.३. वाढलं. उद्यापासून डबे.

१७ मार्च, सोमवार

दुकानात मसाल्याच्या नमुन्यांसाठी छोटे स्टीलचे डबे असतात, झाकणाचे. त्यातले पाच घरी आणले. चारांवर नावं घातली: आई, बाबा, बायको, पोरगी. रोज सकाळी मी २६२ ग्रॅम दाणे तोलतो. त्यातून प्रत्येक डब्यात २५ ग्रॅम, म्हणजे एकूण शंभर ग्रॅम हातांनी द्यायचे. उरलेले १६२ भांड्यात, दोन वेळांना निम्मे-निम्मे. ज्याला जेव्हा द्यावंसं वाटेल तेव्हा आपल्या डब्यातून द्यायचं, एक-एक दाणा दिला तरी चालेल. डबा रिकामा झाला की त्या दिवसाचं संपलं. दुसऱ्याच्या डब्याला हात नाही.

दाण्यांत मांस असतं, त्यामुळे आजी त्यांना शिवत नाही, आणि तिनं शिवावं असं मला वाटतही नाही. आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही. म्हणून वरच्या खाऊच्या ९४ कॅलरी सगळ्याच्या सगळ्या आजीच्या नावावर केल्या. पाचवा डबा तिचा: तुपाशिवाय अर्धी पोळी आणि वाफवलेल्या दुधी-भोपळ्याच्या फोडी, तिखट-मीठ-फोडणी काही नाही. फोडी २०० ग्रॅम घेतल्या तरी चाळीसच्या आत राहतं, आणि डबा भरलेला दिसतो.

आजीनं डबा उघडून पाहिला. "तूप नाई?" म्हणाली. मग अर्ध्या पोळीचे तिनं आठ तुकडे केले. नखाएवढे. एकदम अर्धी दिली की एका घासात जाते, आठ केले की आठदा हाक मारता येते.

१९ मार्च, बुधवार

मोती ओट्याखाली बसून रडल्यासारखा आवाज काढतो. बायकोला पाहवत नाही. तिचा डबा दुपारी बारालाच रिकामा झाला.

लॅब्रेडॉरच्या भुकेबद्दल डॉक्टरबाईंनी एक गोष्ट सांगितली ती घरी सगळ्यांना सांगितली. केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ साली या जातीत एका जनुकातला दोष सापडला, त्याचा काही भागच गळालेला. साधारण चारातल्या एका लॅब्रेडॉरमध्ये तो असतो, आणि अशा कुत्र्याला पोट भरल्याची जाणीव नीट होत नाही. मोतीत तो आहे की नाही तपासलेलं नाही. पण त्याचे डोळे म्हणजे भुकेचा पुरावा नव्हे, एवढं आमच्या लक्षात राहावं म्हणून लिहिलं.

दुसरीही एक गोष्ट. अमेरिकेत ४८ लॅब्रेडॉर पिल्लांच्या जोड्या करून त्यांना आयुष्यभर पाहिलं. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खाणं. २००२ साली निकाल आला: कमी खाणाऱ्यांतले निम्मे १३ वर्षांच्या पुढे जगले, दुसऱ्यांतले निम्मे ११.२ च्या. सांधेही कमी खाणाऱ्यांचे उशिरा धरले. आयुष्यात जवळपास दोन वर्षांचा फरक. हे ऐकून बाबांनी बिस्किटाचा पुडा स्वतःच्या हातानं वर ठेवला.

२३ मार्च, रविवार

४०.६. पहिल्यांदा ४१ च्या खाली.

आता मनीबद्दल. मनी आमची मांजर, म्हणजे खरं आजीची. तीन वर्षं दूध-पोळीवर आहे, मधूनमधून काय पकडते ते तिचं तिला ठाऊक. ३.२ किलो, अंगावरचे केस राठ, पोट वरचेवर ढिलं. मोतीच्या नादात तिच्याकडे पाहिलंच नव्हतं. काल तिलाही टोपलीतून नेलं.

डॉक्टरबाई इथं जरा कठोर बोलल्या. कुत्रा नीट तोल राखला तर शाकाहारावरही जगवता येतो, मांजर नाही. मांजरीला टॉरीन नावाचं द्रव्य अन्नातून मिळावंच लागतं, तिचं शरीर ते पुरेसं बनवत नाही. ते मांसातच असतं, पोळीत नाही, दुधात नावाला. कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय ताणून ढिलं पडतं. १९८७ साली अमेरिकेत हृदयाचं हे कारण उघड झालं, तेव्हा अनेक मांजरी चक्क विकतच्या खाद्यावर वाढलेल्या होत्या. त्यात टॉरीन कमी पडत होतं, ते वाढवल्यावर हा आजार झपाट्यानं कमी झाला. गाजरातून मिळणारं जीवनसत्त्व अ सुद्धा मांजर स्वतः तयार करू शकत नाही, तेही तयारच लागतं. आणि मोठ्या मांजरीला दूध पचतंच असं नाही. ढिलं पोट त्याचंच.

मनीचे डोळे तपासले. अजून ठीक आहेत.

आजीला सांगायचं कसं, हा प्रश्न माझा होता. कुत्र्याचे दाणे अंगणातल्या पेटीत राहतात, पण मनी आजीच्या खोलीत, तिच्या पायाशी जेवते.

२४ मार्च, सोमवार

आजीला सरळ सांगितलं. डोळे जातील, हृदय जाईल, हे सगळं. ती बराच वेळ मनीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "उंदीर धरून आणते तेव्हा मी तिला कधी रागावली का? तिचं खाणं तिला दे. माझ्या खोलीत नको, ओसरीवर ठेव. भांडं वेगळं, चमचा वेगळा."

एवढ्यावर झालं. मी उगाच दोन दिवस मनात घोकत होतो.

दिवसाला २०० कॅलरी, म्हणजे मांजरीच्या दाण्यांचे ५७ ग्रॅम. एकदम बदल करायचा नाही, दहा दिवसांत हळूहळू. मांजर रुसून दोन-तीन दिवस काहीच न खाता राहिली तर यकृतात चरबी साचून जिवावर बेततं, म्हणून "भूक लागली की खाईल" हे मांजरीला लावायचं नाही. मोतीचे दाणेही तिला चालत नाहीत, त्यात तिला लागतं तेवढं टॉरीन नसतं.

३० मार्च, गुढीपाडवा

४०.१. श्रीखंडात बेदाणे घातले नाहीत. बायकोनं आपणहून.

६ एप्रिल, रविवार

३९.९. संध्याकाळी रामनवमीच्या शोभायात्रेमुळे इकडचे रस्ते भरतील म्हणून पहाटेच दुकानात जाऊन आलो.

येताना बाबांनी तर्री-पोहे बांधून आणले. दर रविवारी आणतात. खाऊन झालं की तर्रीचा कागद ते मोतीपुढे धरायचे, तो चाटून पुसून काढायचा. वर्षानुवर्षं चाललेलं. तर्री म्हणजे कांदा, लसूण, तेल, तिखट. आज बाबांनी कागद धरला, थांबले, घडी घालून कचऱ्यात टाकला आणि आपला डबा उघडला. मी काहीच बोललो नाही.

९ एप्रिल, बुधवार

दुपारी दुकानात फोन आला. मोतीनं चिंच खाल्ली.

या दिवसांत नवी चिंच येते. आजी दरवर्षी फोडून, चिंचोके काढून, मीठ लावून वर्षाचे गोळे करते. परात अंगणात वाळत होती, आजीचा डोळा लागला. मला आधी वाटलं, चिंचच तर आहे, होतील जुलाब. तरी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि त्यांचा आवाज बदलला. "किती खाल्ली? कधी? लगेच आणा."

आजी गोळे मोजून ठेवते. २१ होते, १८ उरले. उरलेले १८ मी तोलले, १ किलो २६० ग्रॅम. म्हणजे एक गोळा ७० ग्रॅमचा, पोटात गेले २१० ग्रॅम. हा आकडा फोनवरच सांगता आला, त्याचा उपयोग झाला. पाऊण तासात दवाखान्यात होतो. इंजेक्शन देऊन उलटी करवली, बहुतेक सगळं बाहेर आलं. मग सलाईन. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा प्रयत्न कधी करू नका, असं त्यांनी बजावलं. त्या मिठाचीच विषबाधा होते. शेजारचे काका नेमकं तेच करा म्हणत होते.

द्राक्षात नक्की काय घातक आहे ते अनेक वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशू-विषतज्ज्ञांनी टार्टरिक आम्लाकडे बोट दाखवलं. ते द्राक्षात असतं आणि चिंचेत तर भरपूर. चिंच खाल्लेल्या कुत्र्यांचीही मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणं त्यांनी नोंदवली. बारा मार्चच्या माझ्या यादीत मनुका होत्या, बेदाणे होते. चिंच नव्हती, आणि आमच्या दुकानात चिंचेची पोती लागलेली असतात.

रात्री आजी अंगणात त्याच जागी बसून होती. परात उचलून आत ठेवलेली. "गोळे करताना दरवर्षी मीच त्याला गुळाचा खडा देत होती," म्हणाली. "माझ्या परातीतलं त्याचंच, असं त्याला मीच शिकवलं."

तिला जेवायला बसवायला पोरीला अर्धा तास लागला.

१० एप्रिल

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा आकडा, १.१. काल घेतलेलंही १.१. सलाईन चालू. मोती दवाखान्यातच.

११ एप्रिल

१.२. लघवी नीट होतेय.

१२ एप्रिल, शनिवार

तिसऱ्या दिवशीचंही १.१. घरी आणला. आजी दारात उभी होती, हातात डबा.

१३ एप्रिल, रविवार

३९.४. आजारपणातलं वजन आहे, खरं धरत नाही.

दुकानात चिंचेच्या पोत्यांवर गिऱ्हाइकांसाठी कागद लावला: "कुत्र्यापासून लांब ठेवा." आज दोघांनी विचारलं, तिसऱ्यानं आपल्या कुत्रीला चिंचेचं सार देतो म्हणून सांगितलं. त्याच्याशी पंधरा मिनिटं बोललो.

२० एप्रिल, रविवार

३८.९.

गल्लीतल्या एका मुलानं त्याचं चार महिन्यांचं पिल्लू दाखवायला आणलं. पुढचे पाय बाहेरच्या बाजूला वाकलेले. जन्मापासून दूध-पोळी आणि थोडा भात. कोणीतरी सांगितलं म्हणून आता बाजारातली कॅल्शियमची बाटली चालू केली होती. मी त्याला डॉक्टरबाईंकडे धाडलं, कारण हे आपल्या अकलेनं करायचं काम नाही. कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं एकमेकांशी प्रमाण जुळावं लागतं: फॉस्फरसइतकं कॅल्शियम, फार तर दुप्पट. पोळीत फॉस्फरस असतं आणि कॅल्शियम जवळपास नाही. नुसत्या मांसाचीही तीच गत. शरीर मग हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. उलट मोठ्या जातीच्या पिल्लाला वरून भरमसाट कॅल्शियम पाजलं तर हाडं त्यानंही बिघडतात.

मलाही मार्चमध्ये वाटलं होतं की विकतचं सोडून घरीच शिजवावं, ताजं. शिजवता येतं, पण ते डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहून घेऊन, कॅल्शियम आणि बाकी क्षार-जीवनसत्त्वं मोजून घालून. वरणभातात अंडं फोडलं की झालं, असं नाही. आमच्या घरी एवढं रोज सांभाळणं होणार नाही, म्हणून दाणेच ठेवले.

४ मे, रविवार

३८.०.

ऊन पेटलंय. फिरणं पहाटे पाचला, सातनंतर डांबरावर हात ठेवून पाहिला तर पाच मोजेपर्यंत ठेववत नाही. मोतीची भूक कमी झाली, ती उन्हानं होतेच. सकाळ-संध्याकाळचं भांडं आता पहाटे आणि रात्री नऊला केलं. दाणे कोरडे राहू दिले, भिजवलेले या दिवसांत दोन तासांत आंबतात. पाणी तीन ठिकाणी ठेवलंय, त्यातलं एक जुन्या माठाच्या बुडात. तिथलंच जास्त पितो.

पोरीच्या डब्यात आता दाण्यांतले थोडे कमी करून कलिंगडाच्या फोडी असतात, बिया काढून. शंभर ग्रॅमला तीसच कॅलरी. आंब्याची कोय मात्र लगेच उचलायची, सबंध गिळली तर आतड्यात अडकते.

१८ मे, रविवार

३७.१. आज हाताला बरगडी लागली. एकच, मागची, दाबल्यावर. पोरीला बोलावून तिचाही हात ठेवला. तिनं मग आजीचा हात आणून ठेवला.

मनी ३.५ किलो. पोट घट्ट झालंय. अंगावरचे केस आता हाताला रेशमासारखे लागतात. आजी तिला ओसरीवर खाताना बघते, स्वतः खाटेवर बसून.

१ जून, रविवार

३६.५. डॉक्टरबाईंनी नऊच्या मापावर सात दिले. अजून साडेचार किलो आहेत. त्या म्हणाल्या, आता वेग मंदावेल तेव्हा घाबरून खाणं कापू नका, आधी डबे पुन्हा तोलून पहा.

घरी येऊन तोलले. बाबांच्या डब्यात २५ च्या जागी ३४ ग्रॅम निघाले. बाबा म्हणाले, "काही दिवस मीच भरून राहिलो होतो. अंदाजानं." पुन्हा काट्यावर.

८ जून, रविवार

३६.३. काल-आज मृगाचं आभाळ आहे, पाऊस नाही. पहाटे गांधीसागरावरून येताना मोती माझ्या पुढे होता. तिन्ही पायऱ्या चढून वर जाऊन वळून बसला.

आजीनं आतून विचारलं, "आज किती भरला?" सांगितलं. तिनं अर्धी पोळी घेतली. आता ती सोळा तुकडे करते.

उद्या अमरावतीहून आत्या येतेय, महिनाभर राहील. तिचा हात आमच्यापेक्षा मोकळा. सहावा डबा धुवून ठेवला आणि त्यावर तिचं नाव घातलं. प्रत्येकाच्या पंचवीसातले पाच तिला.